पाच प्रसिद्ध आणि आमचा दादा

आमच्या दारावरची पितळी पाटी मुळात पहिलवानाची. दादानं ती त्याच्यासाठी कोरली, शेवटच्या अक्षराच्या पोटात छिन्नी जराशी घसरली आणि पहिलवानानं पाटी नाकारली. "कुस्तीत हाड मोडलं तर चालतं, पाटीवर नाही," असं म्हणाला आणि दुसरी करून घेऊन गेला. पितळ वाया जाऊ नये म्हणून दादानं ती आमच्याच दारावर ठोकली. नाव काय, तेच होतं. सव्वीस वर्षं आम्ही पहिलवानानं नाकारलेल्या पाटीच्या घरात राहिलो आणि कोणाला पत्ताही लागला नाही.

दादाचं नाव इतकं सर्वसाधारण, की लहानपणी आईनं खिडकीतून जेवायला हाक मारली की गल्लीतली चार पोरं हात धुऊन आमच्या दारात उभी राहायची. आडनावही त्याच तालातलं. बाबांनी नाव ठेवताना जरा तरी डोकं चालवायचं, असं मी म्हटलं की दादा म्हणायचा, "ठके, चांगलं नाव आहे म्हणून तर सगळे ठेवतात." ठकी म्हणजे मी. ते काही माझं नाव नाही, पण दादाच्या तोंडात तेच बसलंय. अठ्ठावन्न वर्षांची घोडी झाले तरी मी ठकीच. गल्लीतल्या बाकीच्यांची मी आत्या.

लग्न दादानं केलं नाही, मीही केलं नाही. का, ते विचारू नका, माझा पारा चढतो. आई गेली तेव्हा पाट्यांचं दुकान आणि आम्ही दोघं एवढंच उरलं. दादा अक्षरं कोरतो, मी त्यांच्यात काळा रंग भरते आणि वरचा जादा रंग फडक्यानं पुसून काढते. शहरातल्या निम्म्या दारांवरची नावं माझ्या बोटांखालून गेलीत. रोज सकाळी काम सुरू करण्याआधी दादा पितळेच्या एखाद्या तुकड्यावर स्वतःचं नाव कोरणार. हात बसवायला, म्हणतो. अशा तुकड्यांचे तीन डबे भरलेत. फेकू देत नाही.

तर या नावाचे पाच जण आमच्या शहरात नावारूपाला आले. एक गायक. एक पहिलवान. एक गणिती, त्यानं शोधलेलं काहीतरी जगभर शिकवतात म्हणे, मला विचाराल तर कोणाला कळत नसणार. एक डोळ्यांचे डॉक्टर. आणि पाचवा तो चोर, तुरुंगातून मळक्या कपड्यांच्या गाठोड्यात बसून पळालेला. सगळ्यांत प्रसिद्ध तोच. त्याचा फोटो बाकीच्या चौघांपेक्षा जास्त वेळा छापून आला. चौघांच्या पाट्या दादानंच कोरल्या. चोरानं पाटी करून घेतली नाही, ते साहजिक आहे. पण पोलीस त्याला शोधत फिरत असताना त्यांना आमच्या दारावर नाव दिसलं आणि त्यांनी आमचा पत्ता त्याचा शेवटचा पत्ता म्हणून लिहून टाकला. तेव्हापासून वर्षातून एकदा दोन पोलीस येतात, दादाकडे बघतात, फोटोकडे बघतात, चहा पितात आणि जातात. आता तर बिस्किटंही मागतात.

हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखंच होतं. मग डोळा आला मध्ये.

दादाचा उजवा डोळा नऊ वर्षांपूर्वीच गेला, पितळेचा कण उडून. डावा राहिला होता, त्यात मोतीबिंदू झाला आणि वाढतच गेला. तीन डॉक्टर झाले. तिघांनी हात वर केले. "एकच डोळा आहे, आम्ही हात लावणार नाही." चौथे दादाच्या नावाचे डॉक्टर. त्यांनी दिवा मारून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "मी करतो. पण तीस तारखेला मी निवृत्त होतोय, त्याच्या आत."

त्याआधीचे सहा महिने कसे गेले ते माझं मला माहीत. मी खडूनं अक्षरं आखून द्यायची आणि दादा बोटानं चाचपत कोरायचा. दातांच्या डॉक्टरांची पाटी चांगलीच वाकडी झाली. त्यांनी ती पाहिली आणि गुमान घेऊन गेले. ओरडले असते तर बरं झालं असतं. दादाला दिसलं नाही तर तो काय करणार? खुर्चीत बसून राहणार. आणि बसून राहिलेला दादा मला बघवणार नाही, स्पष्ट सांगते.

ऑपरेशनचा दिवस ठरला, मंगळवार, चौदा तारीख. सकाळी आठला उपाशीपोटी यायचं होतं. दादा उपाशी निघाला. मी पोटभर खाऊन निघाले, भांडायला ताकद लागते.

आत जाऊन बघते तर बाकावर गायक बसलेला, गळ्याला मफलर, हातात गरम पाण्याचा थर्मास. शेजारी गणिती वहीत काहीतरी मांडत होता. पहिलवानाच्या डोळ्यांत कोणीतरी आधीच थेंब टाकले होते, त्याला सगळं धूसर दिसत होतं आणि तो खांबाला "नमस्कार, ओळखलं नाही आपल्याला" म्हणत होता. हॉस्पिटलच्या कॉम्प्युटरनं त्या नावाच्या प्रत्येक प्रसिद्ध माणसाला निरोप पाठवला होता, मंगळवारी उपाशीपोटी हजर राहा. आणि माणसं निमूट हजर झाली होती. मोठ्या माणसांचं हे असंच असतं, कागद आला की निघाले.

तेवढ्यात डॉक्टर आले. त्यांचाही चेहरा उतरलेला.

"डॉक्टर, तुम्हाला काय झालं?" मी विचारलं.

"सकाळपासून काही खाल्लं नाही. मला निरोप आला होता."

"अहो, पण ऑपरेशन करणारे तुम्ही!"

"हो, ते इथे आल्यावर लक्षात आलं," डॉक्टर म्हणाले. "घरी बायको रडतेय. तिला वाटतंय मी तिच्यापासून काहीतरी लपवतोय."

आम्ही सगळे नोंदणीच्या खिडकीशी गेलो. तिथल्या बाई म्हणजे एकदम शिस्तीच्या. टेबलावर पट्टी, पट्टीच्या शेजारी पेन्सिल, पेन्सिलीच्या शेजारी खोडरबर, सगळं एका रेषेत. त्यांनी कॉम्प्युटरमध्ये पाहिलं.

"ऑपरेशन करणारे आणि करून घेणारे एकच दिसतायत," बाई म्हणाल्या. "स्वतःचं ऑपरेशन स्वतःला करता येत नाही. नियम आहे."

"बाई, हे दोघं तुमच्या डोळ्यांसमोर उभे आहेत," मी म्हटलं. "मोजा. एक, दोन."

"मला दिसतायत हो. कॉम्प्युटरला दिसत नाहीत. एकाच नावाची माणसं असली की प्रत्येकाच्या नावापुढे कंस लागतो." त्यांनी पडदा आमच्याकडे वळवला. कंसात गायक, कंसात पहिलवान, कंसात गणिती, कंसात डॉक्टर, कंसात फरार. "यांना कंस आहेत. तुमचे भाऊ 'इतर'मध्ये आहेत. इतरांत तीनशे अकरा जण आहेत. उद्या भलत्याच इतराचा डोळा उघडला तर?"

"मग यांच्या कंसात पाटीवाले लिहा."

"तो धंदा झाला. कंसात प्रसिद्धी लागते."

"आणि गाणं हा धंदा नाही वाटतं?"

"तो गाजलेला धंदा आहे," बाई म्हणाल्या. गायकानं मान तुकवली.

मी तिथंच कपाळावर हात मारून घेतला. बाई काही वाईट नव्हत्या. त्यांनी खणातून छापील अर्ज काढला, मागची बाजू वाचून दाखवली. दादाला कंस मिळायचे दोन मार्ग होते. एक तर तो प्रसिद्ध असल्याचा पुरावा आणायचा. नाहीतर त्या नावाच्या प्रत्येक प्रसिद्ध माणसाकडून लिहून आणायचं की हा मनुष्य मी नव्हे. एकोणतीस तारखेच्या संध्याकाळी पाचच्या आत. तीसला एकच जागा रिकामी होती, डॉक्टरांची शेवटची.

घरी येऊन मी आधी पहिला मार्ग धरला. दादा कशासाठी प्रसिद्ध आहे, ते गल्लीत विचारत सुटले. खालचा शिंपी म्हणाला, फार सज्जन माणूस. समोरची बाई म्हणाली, कधी कोणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. वाणी म्हणाला, त्यांचा त्रास असा कोणालाच नाही. झालं! असल्या गुणांवर कधी कोण प्रसिद्ध झालंय?

"मी प्रसिद्ध नाहीच, ठके," दादा म्हणाला. "खोटं कशाला लिहायचं? मी तो नव्हे, एवढं मात्र कोणीही लिहून देईल."

डॉक्टरांनी उभ्याउभ्या लिहून दिलं. पुढचा गायक. त्याला वाटलं सही मागायला आलेत. त्यानं सवयीनं अर्जावर "सप्रेम" लिहून खाली झोकदार सही ठोकली आणि दार लावून घेतलं. अर्ज फुकट गेला. नवा अर्ज घेऊन पुन्हा गेलो, तर म्हणाला, "पण हा मी नव्हे, याची माझी खात्री पटली पाहिजे. एक ओळ म्हणा." दादानं म्हटली. गायकानं डोळे मिटले, उघडले आणि लगेच लिहूनच टाकलं: "सदर गृहस्थ मी नव्हे. शंकेला जागा नाही."

गणिती म्हणाला, असं नुसतं कसं लिहू, सिद्ध केलं पाहिजे. "समजा, हा मनुष्य मी आहे," अशी त्यानं सुरुवात केली आणि सात पानं भरली. चार दिवस आम्ही खेपा घातल्या. पाचव्या दिवशी तो पिंजारलेल्या केसांनी दारात आला आणि दादाचा हात धरून म्हणाला, "माफ करा. कुठेच विसंगती सापडत नाही." आत स्वयंपाकघरातून त्याची बायको ओल्या हातानं बाहेर आली, दादाकडे एकदा पाहिलं आणि अर्जावर लिहिलं, "हे माझे पती नव्हेत." नोंदणीच्या बाईंनी ते चालवून घेतलं. म्हणाल्या, बायकोला कळतं.

पहिलवान आपणहून आमच्या घरी आला. अर्ज लिहून द्यायला खिशातून पेन काढलं आणि त्याची नजर दारावर गेली.

"ही तर माझी पाटी!"

"तुम्हीच नाकारली होती," दादा म्हणाला.

"तेव्हा रग होती हो अंगात. माझी दुसरी पार झिजली. हिच्यासारखी धार नाही तिच्या अक्षरांना." त्यानं घसरलेल्या अक्षरावरून अंगठा फिरवला. "लिहून देतो. पण ही मी नेणार."

सव्वीस वर्षांची पाटी त्यानं दोन बोटांत धरून खिळ्यांसकट उपटली. दारावर एक फिका चौकोन राहिला आणि चार भोकं. मला एकदम रडू आलं, कशाचं ते सांगता येणार नाही. दादाला तो चौकोन दिसत नव्हता, त्यानं हातानं चाचपून पाहिला. "जाऊ दे, ठके," म्हणाला, "दिसायला लागलं की नवी करू."

राहिला चोर.

"फरार माणसाची सही मी कुठून आणू?" मी बाईंना विचारलं.

"नोटीस पाठवता येते. शेवटच्या माहीत असलेल्या पत्त्यावर," बाई म्हणाल्या आणि त्यांनी भिंतीवर लावलेल्या पोलिसांच्या कागदावरून पत्ता उतरवून घेतला. आमचा.

एकोणतीस तारखेला दुपारी हॉस्पिटलचा शिपाई सायकलवरून आमच्या दारात आला. पाटी नाही म्हणून तो गल्लीत तीन फेऱ्या मारून आला होता आणि वैतागला होता. त्यानं नाव वाचलं. "हे कोण?"

"मी," दादा म्हणाला. खोटं बोलायला जीभच नाही त्याला. "म्हणजे नाव माझं आहे. नोटीस माझी नाही. ती चोराची आहे."

"नाव तुमचं आहे ना? मग घ्या आणि सही करा."

"सही केली तर मी चोर ठरेन."

"नाही केली तर मी परत नेणार, आणि शेरा मारणार, घेण्यास नकार."

"मग कंस?"

"कंस-बिंस मला माहीत नाही, आजोबा."

घड्याळात पावणेचार झाले होते. दादा उंबऱ्यात उभा, दोन्ही हात पुढे धरलेले, नोटीस घ्यावी की घेऊ नये त्याला कळेना, आणि ती नेमकी कुठे आहे तेही दिसेना. ते बघून माझं टाळकं सटकलं. मी शिपायाच्या हातातून कागद ओढला, त्याच्याच सायकलच्या सीटवर ठेवला आणि खाली लिहिलं: "ज्यांच्या नावे ही नोटीस आहे, ते फरार असल्यामुळे हजर नाहीत. माझा भाऊ हजर आहे. सबब माझा भाऊ ते नव्हे." सही केली आणि शिपायाला म्हटलं, "चल. मीही येते. दादा, तू माझा हात सोडू नकोस."

पाचला दहा मिनिटं कमी असताना बाईंनी तो कागद वाचला. मग पुन्हा वाचला. मग त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला, की माझाच विश्वास बसेना.

"अगदी बरोबर आहे," बाई म्हणाल्या. "फरार मनुष्य हजर असूच शकत नाही. वीस वर्षांत इतका स्वच्छ खुलासा कोणी दिला नव्हता मला."

त्यांनी पाचही कागद एकावर एक ठेवले, पट्टीनं कडा सारख्या केल्या आणि कॉम्प्युटरमध्ये दादाच्या नावापुढे कंस उघडला. थोडा विचार करून त्यात लिहिलं: यांपैकी नव्हे.

मला वाटलं कोणीतरी माझ्या मुस्काटात मारली. सत्तरीला आलेला माणूस. शहरभर लोकांची नावं कोरत फिरला, आणि त्याच्या स्वतःच्या नावापुढे काय, तर यांपैकी नव्हे! मी तिथं खूप बोलले. काय बोलले ते इथे सांगण्यासारखं नाही. दादानं माझा दंड धरला.

"खरं तेच लिहिलंय की त्यांनी," म्हणाला. "चल घरी. उद्या उपाशी यायचंय."

तीस तारखेला ऑपरेशन झालं. नियमाप्रमाणे डॉक्टरांनी टेबलावरच्या पेशंटला नाव विचारलं, मग नर्सनं नियमाप्रमाणे डॉक्टरांना नाव विचारलं. दोघांनी एकच सांगितलं, तेव्हा म्हणे आत सगळे इतके हसले की डॉक्टरांना हात स्थिर व्हायला पाच मिनिटं थांबावं लागलं. बाहेर माझा जीव टांगणीला, आणि आत यांचं हे.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढायची होती. डॉक्टर निवृत्त झालेले, त्यामुळे पहारेकऱ्यानं त्यांना भेटायच्या वेळेशिवाय आत सोडलं नाही. ते चार वाजेपर्यंत बाहेर बाकावर बसून राहिले, माझ्यासारखेच. आत आल्यावर त्यांनी हलक्या हातानं पट्टी सोडवली. दादानं डोळा उघडला, मिटला, पुन्हा उघडला.

"ठके," म्हणाला, "तू म्हातारी झालीस गं."

"तू काय तरणाबांड राहिलायस का? आरसा आणू?" मी म्हटलं आणि तोंड फिरवून खिडकीशी जाऊन उभी राहिले. रडत होते. नाही कशाला म्हणू?

महिनाभर छिन्नीला हात लावायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. दादा दुकानात नुसता बसायचा आणि बघायचा. डबे बघायचा, जुने तुकडे बघायचा, मला रंग भरताना बघायचा. घरी येताना दारातल्या त्या फिक्या चौकोनापाशी थांबायचा. मी म्हणायची, "मग लाव की नवी, कोणी अडवलंय?" तो चार भोकांवरून बोट फिरवायचा.

महिना संपला त्या सकाळी त्यानं पितळेचा एक तुकडा घेतला आणि हात बसवायला लागला. मी रंगाची डबी उघडून माझी पाट्यांची यादी बघत होते. तासाभरानं त्यानं तो तुकडा माझ्याकडे सरकवला.

"यात रंग भर."

हात बसवायच्या तुकड्यात आम्ही कधी रंग भरत नाही. मी बघितलं. बाईमाणसाचं नाव होतं, पुढे आमचंच आडनाव. मला वाटलं कोणी गिऱ्हाईक आलं असेल, याच आडनावाची माणसं काय कमी आहेत?

"कोणाची ऑर्डर ही? मला नाही सांगितलंस. यादीतही नाही."

दादा माझ्याकडे बघत राहिला. त्याचा तो एक डोळा, स्वच्छ, पाणी भरलेला.

"ठके, तुझं नाव आहे ते."

होतं खरं. आई गेल्यापासून त्या नावानं मला कोणी हाक मारली नव्हती. वाचूनही मला कळलं नाही.

"तीस वर्षं तू लोकांच्या नावांत रंग भरतेयस," दादा म्हणाला, "आणि आपल्या दारावर काय, तर पहिलवानाची पाटी. मला दिसलंच नाही गं. दोन डोळे होते तेव्हाही दिसलं नाही." मग त्यानं छिन्नी उचलली. "मोठी पाटी करतोय. दोन्ही नावं. हे वर."

मी ब्रश उचलला. माझा हात कधी हलत नाही, कोणालाही विचारा. हजारो नावं भरलीत मी, एक थेंब कधी रेघेबाहेर गेला नाही. त्या दिवशी पहिल्याच अक्षराला रंग बाहेर ओघळला.

"रंग बाहेर गेलाय," दादा लगेच म्हणाला. "वरच्या रेघेपाशी. बारीकसा."

"दिसतंय ना तुला?" मी म्हटलं. "मग झालं तर!"